मदत हवी आहे : गावच्या मैदानावर गाळे आणि 'कला उद्यान', हरकत कशी लिहावी?

रंगरेषा

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका नगरपरिषदेच्या गावात राहते, तिथल्याच शाळेत चित्रकला शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सूचना-हरकती द्यायची मुदत या महिनाअखेरीस संपतेय, म्हणून जाणकारांनी वेळ काढून उत्तर द्यावं ही विनंती.

गावाच्या वरच्या अंगाला एक मोठं मैदान आहे. विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. आता नगरपरिषदेने ते बदलायचा ठराव करून नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची जाहीर सूचना काढली आहे. रस्त्याकडच्या निम्म्याहून जास्त भागात दुकानगाळे, त्यावर सभागृह, आणि मागे जो तुकडा उरेल त्यात 'कला उद्यान'. बैलजोडी, पैलवान, डोक्यावर घागर घेतलेली बाई, हळदीची पोती वाहणारा हमाल, अशी फायबरची शिल्पं. चौकात भलामोठा फ्लेक्स लागलाय, त्यावर कॉम्प्युटरवर काढलेलं रंगीत चित्र आहे. खाली लिहिलंय, 'तुमच्या आवडीचं शिल्प निवडा', आणि स्कॅन करायचा चौकोन.

माझी खरी काळजी इथेच आहे. गावातले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पैलवान हवा की बैलजोडी यावर बोलतायत. तालमीची पोरं पैलवानासाठी मतं गोळा करतायत. मैदान ठेवायचं की नाही, हा पर्याय त्या यादीत नाहीच. लोकांना वाटतंय आपलं मत घेतलं. मत घेतलं ते शोभेच्या वस्तूंवर, जमिनीचा निर्णय मात्र ठरावातच होऊन गेला. शिल्पांचं चित्र पुढे करून जमिनीचा प्रस्ताव मंजूर होतोय असं मला वाटतं आणि ते मला फार लागतं, कारण जे मी मुलांना आयुष्यभर शिकवत आले तेच इथे पडद्यासारखं वापरलं जातंय.

मैदानाविषयी थोडं सांगते. सकाळी पोलीस भरतीची पोरं-पोरी इथे धावतात. आठवडी बाजारादिवशी जनावरांचा बाजार इथेच भरतो. कडेच्या दगडी खुंट्यांवर दाव्यांनी घासून घासून बोटभर खोल खाचा पडल्यात, त्यात पावसाचं पाणी साठतं. जत्रेला कुस्त्यांचा फड असतो. आणि महापुरात? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं, तेव्हा आमच्या खालच्या गल्ल्या रिकाम्या करायला लागतात. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं होतं. त्या वेळी आणि पुन्हा २०२१ ला खालच्या आळीची गुरं, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, सगळं या मैदानावर होतं. वैरण इथूनच वाटली. एवढी मोकळी आणि उंच जागा गावात दुसरी नाही. तिथे गाळे बांधले तर पुढच्या पुरात दावणी कुठे बांधायच्या, हे प्रस्तावात एका ओळीनेही लिहिलेलं नाही.

शिल्पांबद्दलही मनापासून बोलायचं आहे. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. वरचा रंगाचा थर आपल्याकडच्या उन्हात उडतो, हात लावला की पांढरी भुकटी लागते. मग कोणीतरी ऑइलपेंटचा डबा आणून बैलाचे डोळे पुन्हा रंगवतं. छापील कॅटलॉगमधून निवडलेला तोच बैल इथेही उभा राहणार आणि शंभर किलोमीटरवरच्या बागेतही. आपला जिल्हा काय कलेला पारखा आहे का? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत. मिरजेत भोपळा कोरून सतार-तंबोरा घडवणारी घराणी आजही काम करतायत, त्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये डोंगरावर संग्रहालय उभं केलं. मी मुलांना तिथे नेते तेव्हा एरवी वर्गात गप्प बसणारी पोरंही चित्रांपुढून हलत नाहीत. असा वारसा असलेल्या भागात सार्वजनिक कलेचा निर्णय निविदेतल्या 'नग' आणि 'दर' या दोन रकान्यांत व्हावा हे बरोबर नाही.

आता माझे प्रश्न. हरकत कशी लिहायची म्हणजे ती नुसती फाइलला लागणार नाही? सह्यांचं एकच निवेदन चालतं का? 'कला उद्याना'ला वेगळी परवानगी लागते का, म्हणजे हे पुतळे या सदरात मोडतं की सुशोभीकरणात? आणि सगळ्यात महत्त्वाचं : सार्वजनिक जागेतल्या कलाकृती कोणी निवडायच्या, पैसा किती, देखभाल कोणाची, याबद्दल नगरपरिषदेने स्वतःचं धोरण ठरावाने करावं अशी मागणी करता येते का? फ्रान्समध्ये १९५१ पासून बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलाकृतीसाठी राखून ठेवतात, आधी शाळा-विद्यापीठांसाठी होतं, नंतर इतर सरकारी इमारतींनाही लागू झालं, हे मी वाचलंय. आपल्याकडे छोट्या गावाला झेपेल असं काही कोणी पाहिलंय का?

गाळ्यांना माझा सरसकट विरोध नाही, तेवढं लक्षात घ्यावं.

---

वाटसरू

ताई, नगररचनेच्या कामाशी माझा बराच संबंध आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

कलम ३७ चा फेरबदल नगरपरिषद स्वतः अंतिम करू शकत नाही. तिने सूचना काढायची, एक महिन्याच्या आत हरकती घ्यायच्या, हरकतदारांना सुनावणी द्यायची आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. मंजुरी शासनाची. त्यामुळे तुमचं लिखाण शेवटी मंत्रालयातल्या टेबलावर वाचलं जाणार आहे, हे धरूनच लिहा. 'आमच्या भावना दुखावल्या' याला तिथे वजन नसतं. 'आरक्षण बदललं तर या वस्तीला चालत जाता येईल असं दुसरं मैदान कुठलं? पर्यायी जागा प्रस्तावात का दाखवली नाही?' याला असतं. पुराचा मुद्दा तर सगळ्यात वर घ्या. २०१९ आणि २०२१ चे मैदानावरचे फोटो तारखेसह जोडा, वैरण वाटपाची तलाठ्याकडची किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याची नोंद मिळाली तर फारच चांगलं.

सह्यांचं निवेदन द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ते एकच हरकत म्हणून मोजलं जाण्याचा धोका असतो. प्रत्येकाने आपल्या नावा-पत्त्याने, आपल्या शब्दांत, वेगळा अर्ज द्यावा. भरतीची मुलगी तिचं लिहील, गुरं बांधणारा त्याचं लिहील. प्रत्येक अर्जात शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी' हे वाक्य पाहिजेच. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एक प्रत जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला द्या.

माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून कागद मागता येतात, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तोवर तुमचा महिना संपेल. त्यापेक्षा उद्याच जाऊन प्रस्तावाचा नकाशा, सभेचा ठराव आणि अहवाल प्रत्यक्ष पाहायला मागा. नकाशावर गाळ्यांचा रंग कुठपर्यंत जातो ते पट्टीने मोजा. फ्लेक्सवरचं चित्र आणि नकाशा यात पुष्कळदा फरक असतो.

आणखी एक आधार देतो. बंगळुरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप रद्द ठरवलं. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. मोकळ्या जागेवर रहिवाशांचा हक्क असतो, हे त्यात स्पष्ट आहे. तुमच्या प्रकरणाची घडण वेगळी आहे, तरी हरकतीत उल्लेख जरूर करा.

---

हळदवाला

मी व्यापारी आहे आणि मला गाळे हवेत. आमच्यासारखे कितीतरी जण रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून बसतात, रोज उठवतात, रोज बसतो. घरपट्टी-पाणीपट्टीवर नगरपरिषदेचं भागत नाही, गाळ्यांचं भाडं आलं तर गटारं होतील. मैदान मैदान म्हणून सगळे ओरडतात, आमच्या पोटाचं कोण बोलणार?

---

कृष्णाकाठ

वाटसरू यांनी जमिनीचं सांगितलंच आहे, मी शिल्पांचं बघतो.

एखाद्या थोर व्यक्तीचा पुतळा असेल तर २ मे २०१७ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय लागतो. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचा अभिप्राय, जिल्हाधिकाऱ्यांकडून परवानगी, देखभालीची हमी, असं सगळं. बैलजोडी किंवा घागरवाली बाई त्यात येणार नाही, ती सुशोभीकरणात बसवतील. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असा आदेश दिला, त्यातही रस्त्यांच्या सुशोभीकरणाला वगळलंय. म्हणजे शोभेच्या शिल्पांना चाळणीच नाही. म्हणून तुमची धोरणाची मागणी योग्य जागी आहे.

ठराव करता येतो, फक्त तो साधा ठेवा. कामाची रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की निवड समिती बसवायची, समितीत शाळेचे कलाशिक्षक, एक शिल्पकार, त्या प्रभागातले दोन रहिवासी. नमुना पंधरा दिवस लोकांना बघायला ठेवायचा. मजबुतीचा दाखला अभियंत्याकडून घ्यायचा. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्यानंतर तरी या मुद्द्याला कोणी नाही म्हणणार नाही. आणि पहिल्या दिवसापासून देखभालीचे पैसे वेगळे ठेवायचे.

कलाकाराच्या हक्काचंही लिहा. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता काढलं, मोडतोड झाली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ वर दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत. तेव्हा स्थानिक कलाकाराला काम दिलं तर करार लेखी हवा, उद्या भिंत पाडायची झाली तर त्याला आधी कळवायचं, हे त्यात लिहिलेलं हवं.

---

मिरजकर

धागा वाचतोय. आमच्याकडे उड्डाणपुलाखालच्या भिंती रंगवतात, त्यावर महिन्याभरात क्लासच्या जाहिराती चिकटतात. देखभालीचा मुद्दा सोडू नका.

---

रंगरेषा

वाटसरूदादा, कृष्णाकाठ, फार फार आभार. आज दुपारी शाळा सुटल्यावर नगरपरिषदेत जाऊन नकाशा पाहिला. फ्लेक्सवर 'कला उद्यान' जेवढं दिसतं त्याच्या निम्मंसुद्धा नकाशात नाही. उरलेला भाग पार्किंग दाखवलाय. दगडी खुंट्यांची सगळी ओळ गाळ्यांच्या पायाखाली जाते. नकाशाचा फोटो काढू दिला नाही, पण समोर बसून हाताने उतरवून घेतलाय, मापांसकट.

हळदवाले दादा, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. तुम्हाला पक्की जागा मिळायलाच हवी. गावात जुन्या भाजी मंडईची इमारत आहे, तिचा वरचा मजला वर्षानुवर्षं कुलूपबंद आहे आणि खालचे काही ओटे मोडलेत. आधी ती दुरुस्त करून रस्त्यावर बसणाऱ्यांना द्यावी, हे मी हरकतीत पर्याय म्हणून लिहिणार आहे. तुम्ही व्यापाऱ्यांतर्फे तेच स्वतंत्र अर्जात लिहून दिलंत तर दोन्ही बाजूंनी एकच मागणी जाईल. मंडईत नेमकी अडचण काय आहे, लोक वर का जात नाहीत, जिना की माल चढवायचा त्रास, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जमलं तर लिहा.

कलेबाबत मी दोन गोष्टी मागणार आहे. मैदानाच्या एका कडेला काळ्या दगडाचा उघडा ओटा, ज्यावर भजन, पथनाट्य, शाळेचं स्नेहसंमेलन, काहीही होऊ शकेल आणि पुरात वैरणीच्या पेंढ्याही रचता येतील. आणि घाटाच्या पायऱ्यांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेषा गावातल्याच पाथरवटाकडून कोरून घ्याव्यात, वर्षासकट. मैदान आहे तसं राहूनही या दोन्ही गोष्टी होतात.

अजून दोन शंका. आठवी-नववीची मुलं याच मैदानावर खेळतात, त्यांनी स्वतः लिहिलेल्या हरकती ग्राह्य धरतात का, की पालकांच्या नावाने द्याव्यात? आणि सुनावणीला मोठा नकाशा भिंतीवर लावून बोलता येतं, की फक्त तोंडी? मसुदा तयार झाला की इथेच टाकते, कलमांची भाषा कोणीतरी तपासून द्या.