जर्मनीतून २००३ची बॉक्स्टर एस घ्यायची आहे, विक्रेता दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासू देत नाही, काय करू? (मदत हवी आहे)

मंडळी नमस्कार, थोडं लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सगळंच लिहितेय. मी नेदरलँड्समध्ये राहते आणि गेली दोन वर्षं पोर्श बॉक्स्टर (दुमडणाऱ्या छताची दोन सीटची गाडी) शोधतेय. ९८६ एस, म्हणजे पहिल्या पिढीतली ३.२ लिटरची, आणि त्यातही २००३ किंवा २००४चीच, कारण २००३च्या मॉडेलपासून छताला मागे प्लास्टिकच्या खिडकीऐवजी काच आली आणि इंजिन २५२ हॉर्सपॉवरचं २६० झालं. नंतरची ९८७ जास्त सोयीची आहे हे मला माहितीये, चालवूनही बघितलीये, पण मन याच गाडीवर बसलंय. शेजारीच जर्मनीत अशा गाड्या भरपूर मिळतात म्हणून तिकडे बघायला लागले.

आता एक सापडलीये. स्टुटगार्टपासून तासाभरावर एका छोट्या डीलरकडे. गडद निळी, सहा गिअरची मॅन्युअल, १,३२,००० किलोमीटर, जाहिरातीत उनफालफ्राय म्हणजे अपघात न झालेली असं ठळक लिहिलंय. चासी नंबर मागवून घेतला. दहावं अक्षर ३ आहे म्हणजे मॉडेल वर्ष बरोबर, अकरावं यू आहे म्हणजे ही फिनलंडमधे युसिकाउपुन्कीच्या वाल्मेट कारखान्यात बनलेली (पोर्शच्या स्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेन कारखान्याची असती तर तिथे एस असतं), त्याने मला काही फरक पडत नाही, पण नंबर आणि जाहिरात एकमेकांशी जुळतात एवढं तरी कळलं.

मागच्या वेळचा अनुभव सांगते म्हणजे मी एवढी का घाबरलेय ते कळेल. मार्चमधे अशीच एक चंदेरी बघायला गेले होते, जायला सात तास यायला सात तास. फोटोत एकदम चकचकीत. मी ड्रायव्हर सीटच्या खाली हात घालून कार्पेट दाबलं तर बोटांमधून पाणी वर आलं आणि कुबट वास. या गाडीत छताचं पाणी वाहून जायच्या नळ्या मागे असतात, त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि अलार्म व इमोबिलायझरचं कंट्रोल युनिट नेमकं त्याच सीटखाली तळाशी बसवलेलं असतं. ते भिजलं की गाडी चावीच ओळखत नाही, म्हणजे सुरूच होत नाही. विक्रेता म्हणाला काल आतून धुतली म्हणून ओली आहे. मी नको म्हटलं आणि परत आले, पण रस्ताभर रडायला येत होतं, कारण तोवर मनातल्या मनात मी ती घेऊन टाकली होती. या वेळेला तसं होऊ द्यायचं नाहीये.

आता निळीबद्दल. सगळ्यात मोठी काळजी आयएमएस बेअरिंगची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असतो, क्रँकशाफ्टकडून फिरणं घेऊन कॅमशाफ्टना देणारा, त्याच्या एका टोकाचं बॉल बेअरिंग झिजून फुटलं तर टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपलं. साधारण २००० ते २००५ या काळातल्या इंजिनांत हे बेअरिंग एकाच ओळीचं आहे, त्याआधीचं दोन ओळींचं जास्त टिकतं म्हणतात. अमेरिकेत यावरून पोर्शवर खटला झाला आणि २०१३मधे तडजोड झाली, म्हणजे नुसती ऐकीव भीती नाहीये. बरी गोष्ट ही की या वर्षाच्या गाडीत इंजिन न उघडता ते बदलता येतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं, म्हणून शहाणे मालक क्लच बदलतानाच ते करून घेतात.

विक्रेत्याने २०१६चं क्लचचं बिल पाठवलंय, १,०४,००० किलोमीटरला बदललेला. ते बिल मी एकेक ओळ करून वाचलं. क्लचचा पूर्ण सेट आहे, क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील आहे, गिअरबॉक्सचं तेल आहे, मजुरी आहे. बेअरिंगची ओळ नाही! फोनवर विचारलं तर म्हणाला की बहुतेक तेव्हाच केलं असणार. बहुतेक म्हणजे काय? ज्या कामाला अख्खा गिअरबॉक्स उतरवला ते केलं असेल तर बिलात येणारच ना. मी तरी ते झालेलं नाही असंच धरून चाललेय. बरोबर करतेय ना?

दुसरी गोष्ट खटकतेय ती स्टिकरची. या गाड्यांच्या पुढच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पांढरं स्टिकर असतं, त्यावर चासी नंबर, रंगाचा कोड आणि कारखान्यातून आलेल्या ऑप्शन्सचे कोड, आणि तसंच एक सर्व्हिस बुकात चिकटवलेलं असतं. बुकातलं आहे, त्याचा फोटो आला. बॉनेटच्या आतला फोटो मागितला तर तिथे नुसता निळा पत्रा, स्टिकर नाही. बॉनेट बदललंय किंवा रंगवलंय एवढंच मला सुचतं. दगडांचे टवके उडाले म्हणून पुढचा भाग रंगवून घेणं काही पाप नाही, या गाडीचं नाक खालीच असतं, पण मग तसं सांगा ना. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मी विकत आणलंय. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो असं वाचलंय, दाराच्या खांबांवर आणि पुढच्या चाकांच्या वरच्या पत्र्यावर मोजून फरक बघायचा असं ठरवलंय. अजून कुठे मोजू?

किलोमीटरचं असं आहे की नेदरलँड्समधे आरडीडब्ल्यूकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, प्रत्येक गाडीच्या मीटरच्या नोंदी असतात, बेल्जियममधे कारपास म्हणून किलोमीटरच्या नोंदींचा दाखला असतो, जर्मनीत तशी सरकारी नोंदवहीच नाही. मीटर मागे फिरवणं तिकडे २००५पासून फौजदारी गुन्हा आहे, पण गुन्हा आहे म्हणून कुणी करत नाही असं थोडंच आहे. त्यामुळे दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीचे, ज्याला सगळे ट्यूफ म्हणतात, त्याचे रिपोर्ट मागवले, त्यावर त्या दिवशीचे किलोमीटर छापलेले असतात. २०१५, २०१७, २०२१, २०२३, २०२५चे आले, आकडे चढत गेलेत, २०१९चा नाही. शिवाय मला इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिपोर्ट हवाय. त्यात इंजिन एकूण किती तास चाललं हे असतं आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर किती वेळा फिरवलं गेलं हेही. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. समजा २,७५० तास असतील तर ताशी ४८ येतो, ते पटण्यासारखं आहे, पण ताशी २५ वगैरे आला तर मीटरवर माझा विश्वास बसणार नाही.

आणि इथेच घोडं अडलंय. मी म्हटलं की जवळच्या पोर्शवाल्या स्वतंत्र गॅरेजमधे घेऊन जाऊ, लिफ्टवर चढवू, रिपोर्ट काढू, सगळा खर्च माझा. तो म्हणतो गाडी आवारातून बाहेर जाणार नाही, इन्शुरन्स नाही. डीलर लोकांकडे टेस्ट ड्राइव्हसाठी लाल अक्षरांच्या नंबर प्लेट असतात हे मला माहितीये, मग अडचण काय? वर म्हणतो की गुरुवारपर्यंत आगाऊ रक्कम दिली नाही तर दुसरा माणूस तयार आहे.

अजून एक. करार त्याच्या नावाने नाहीये, इम कुंडनआउफत्राग आहे, म्हणजे तो फक्त मालकाच्या वतीने विकतोय. डीलर स्वतः विकतो तेव्हा खाजगी ग्राहकाला वापरलेल्या गाडीवरही कायद्याने दोषांची जबाबदारी त्याला घ्यावीच लागते, ती पूर्णपणे झटकता येत नाही, फार तर तिची मुदत एका वर्षापर्यंत कमी करता येते. खाजगी मालक मात्र ती करारातून काढून टाकू शकतो. म्हणजे गाडी उभी डीलरकडे, बोलणार डीलर, आणि उद्या इंजिन गेलं तर डीलर म्हणणार मी कोण. मला वाटतं निदान मालकाने दिलेलं लेखी अधिकारपत्र आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत मागावी, आणि ताइल त्स्वाय, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा दुसरा भाग, मूळ प्रत डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नये. त्या कागदावरचं नाव आणि अधिकारपत्रावरचं नाव एकच हवं. गाडी कर्जावर असेल तर तो कागद बँकेकडे असतो हेही लक्षात ठेवलंय.

घरी आणायचं त्यामानाने सोपं वाटतंय. पाच दिवसांच्या पिवळ्या पट्टीच्या प्लेटवर जर्मनीबाहेर भरवसा ठेवू नका असं कळलं म्हणून निर्यातीची लाल पट्टीवाली प्लेट काढायची, तिच्याबरोबर इन्शुरन्सही येतो. मग इथे आरडीडब्ल्यूकडे वेळ घेऊन ओळख तपासणी, आणि कर खात्याकडे बीपीएम, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा कर, भरायचा. जुन्या गाडीला घसारा मिळतो, तो तक्त्यावरून, दरयादीवरून किंवा मूल्यांकन करून घेऊन मोजता येतो. एवढ्या जुन्या आणि कमी खपलेल्या गाडीला कुणी मूल्यांकन करून घेतलंय का, तक्त्यापेक्षा फायदा झाला का?

नवरा म्हणतोय सोडून दे, दुसरी मिळेल. त्याचं चुकीचं नाही. पण दोन वर्षांत मला हव्या त्या रंगाची, हव्या त्या वर्षाची, कागदांची एवढी मोठी फाइल असलेली हीच एक दिसलीये, आणि बेअरिंग झालेलं नाही हे धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले तर माझी तयारी आहे. फक्त बाकीचं इंजिन कसं आहे ते न बघता नाही.

जोड: वरचं लिहून झाल्यावर आत्ताच त्याची मेल आली. मी सकाळी कळवलं होतं की तपासणीशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही, दुसऱ्याला द्यायची तर द्या. आता म्हणतोय की गाडी बाहेर नाही जाणार पण तुमचा माणूस शनिवारी इथे आणा, आमची लिफ्ट वापरा, दीड तास देतो. फिरत्या तपासनिसाशी बोलले, तो यायला तयार आहे, कॉम्प्युटर रिपोर्ट काढेल, ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का बघेल. पण दीड तासात सगळं होणार नाही म्हणतो. ऑइल फिल्टर, रिपोर्ट आणि रंग एवढ्यावर थांबू, की रंग मी स्वतः मोजून त्याला सिलिंडरमधे बोरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घालायला सांगू? या इंजिनात सहाही प्लग लिफ्टवर बाजूने काढता येतात, पण ते किती वर्षं काढलेले नाहीत कुणास ठाऊक. ज्यांनी ९८६ एस अशी तपासून घेतलीये त्यांनी कृपया शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा, पहाटेच्या ट्रेनने निघायचंय.