खांद्याच्या टेंडनच्या ऑपरेशननंतर ती रंगीत ताणणारी टेप: लावू की नको? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईच्या उजव्या खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. रोटेटर कफमधलं (खांद्याभोवतीच्या स्नायूंचा गट) वरचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडापासून सुटलं होतं ते हाडात अँकर (खिळ्यासारखी बारीक पकड) टाकून परत शिवलं. वय ६३, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये. सहा आठवडे स्लिंग (हाताची झोळी) होती ती आता निघालीय, फिजिओ घरी येऊन हात धरून वर नेतात आणि मधल्या वेळात आई काठी धरून डाव्या हाताच्या जोरावर उजवा हात उचलायचा व्यायाम करते.

प्रश्न टेपचा आहे. फिजिओंनी आता निळी टेप लावायला सुरुवात केलीय, एका टोकाला उभी चिरून दोन शेपट्या करतात आणि त्या दंडावरच्या गोल स्नायूच्या पुढून-मागून नेतात. आईला लगेच बरं वाटलं, कुशीवर वळताना कळ यायची ती कमी झाली, झोप लागायला लागली. सर्जनना फोन केला तर ते म्हणाले त्याने टेंडन लवकर जुळत नाही, बरं वाटत असेल तर लावा, जखमांवर नको. इथपर्यंत ठीक. पण दुखत नाही म्हटल्यावर आई हाताला जपायचंच विसरते हो! काल वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात निघालाच होता, मी ओरडले म्हणून थांबली, तर म्हणते "अगं पट्टी आहे की धरून ठेवायला". ही टेप खरंच आतलं काही धरून ठेवते का? आणि काखेच्या बाजूला घामाने कडा सुटतायत, तिथे लाल होऊन खाज येतेय. वहिनी म्हणते ऑनलाइन पाच मीटरचा रोल मिळतो, व्हिडिओ बघून आपणच लावू. लावावी का? जाणकारांनी प्लीज सांगा, मला आईचा खांदा परत उघडायला लागायला नकोय.

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओ आहे, आधी मुख्य गोष्ट सांगतो. टेप टेंडनला धरून ठेवत नाही. ते सुती कापड आहे, त्यात लवचिक धागे आणि मागे गोंद, औषध काहीच नसतं. १९७० च्या दशकात जपानच्या केंझो कासे यांनी ती काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलच्या केरी वॉल्शच्या खांद्यावर काळी टेप दिसली तेव्हापासून सगळ्यांना माहीत झाली. तिचंही रोटेटर कफचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे पेशंट तिचे फोटो दाखवतात, पण ती खेळायला उतरली तोपर्यंत तिचा खांदा भरून आला होता, तुमच्या आई अजून भरून यायच्या काळात आहेत. टेपने त्वचेला स्पर्श जाणवत राहतो, त्यामुळे काही जणांना थोडे दिवस दुखणं कमी वाटतं. रोटेटर कफच्या दुखण्यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये आढावा घेतला, त्यातही ठाम फायदा दिसला नाही, आणि ते ऑपरेशन न झालेले पेशंट होते. टेंडन हाडाला नीट धरायला साधारण बारा आठवडे लागतात, फाटलेलं मोठं असेल तर जास्त. तोवर स्वतःच्या जोराने हात उचलणं, वजन घेणं सर्जन सांगतील तेव्हाच, टेप असो वा नसो.
खाज येतेय तर आजच काढा. खसकन ओढू नका, कडेला खोबरेल तेल लावून जरा थांबा, मग एका हाताने त्वचा दाबून धरत केसांच्या दिशेने हळूहळू सोडवा. शुगरवाल्यांची त्वचा सोलली तर भरायला वेळ लागतो, म्हणून म्हणतो. आणि घरी व्हिडिओ बघून नको, जास्त ताणून लावली की त्वचेवर फोड येतात.

प्रतिसाद २
ताई, माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही रोजचे डबे, चहा-साखर सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवलं होतं. सांगून ऐकत नाहीत ही माणसं, वस्तूच खाली आणा.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचेही. टेप काढली, खाली बारीक पुरळ आहे, फोड नाही. फिजिओंना फोटो पाठवलाय आणि सर्जनकडे पुढच्या भेटीत हात स्वतः कधीपासून उचलायचा ते आईसमोरच विचारणार आहे, त्यांच्या तोंडून ऐकलं तरच ती मानेल. पोह्यांचा डबा ओट्यावर आलाय. अजून एक, पुरळ गेल्यावर पुन्हा टेप लावायची तर त्वचेच्या छोट्या तुकड्यावर आधी लावून बघतात का, आणि किती वेळ ठेवून?