शस्त्रक्रियेआधी खर्चाचा अंदाज विमा कंपनीला मिळतो, रुग्णाला का नाही?

नीरजा_क (धागाकर्ती)
महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे. मात्र खाटेचा दिवसाचा दर कळला म्हणून गुडघ्याच्या सांधेरोपणाचा एकूण खर्च कळत नाही. त्याच शस्त्रक्रियेसाठी कॅशलेस विम्याचा पूर्वमंजुरी अर्ज भरताना रुग्णालय खोलीभाडे, तपासण्या, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांचे मानधन, औषधे आणि इम्प्लांट यांचे अपेक्षित आकडे बेरजेसह लिहून देते. म्हणजे आकडा काढता येतो. पदरचे पैसे भरणाऱ्याला मात्र ‘अनामत किती’ एवढीच माहिती मिळते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी असा तक्ता रुग्णाला देणे बंधनकारक करावे.

शल्यचिकित्सक_सातारा
विमा कंपनीला दिलेला आकडा अंतिम नसतो. गुंतागुंत उद्भवली, अतिदक्षता विभागात मुक्काम वाढला, तर आम्ही वाढीव मंजुरी मागतो. रुग्णाच्या हाती कागद पडला की तोच करार ठरतो आणि घरी सोडताना बिलावरून वाद होतो. शिवाय जो कमी आकडा लिहील त्याच्याकडे गर्दी होईल आणि धोका प्रामाणिकपणे मोजणारा मागे पडेल.

हिशेबनीस
दर ठरवून दिल्यानेही प्रश्न सुटत नाही, हे कोविडकाळात दिसले. मे २०२० मध्ये राज्य शासनाने साध्या विभागासाठी ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये प्रतिदिन अशी मर्यादा घातली. पीपीई किट आणि महागडी औषधे मात्र बाहेर राहिली. खाटेचे भाडे नियमात बसले तरी एकूण बिलाला लगाम नव्हता. म्हणून अंदाजात ‘काय धरलेले नाही’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

नीरजा_क
डॉक्टर, वाढीव मंजुरीचा आपला दाखला माझ्याच बाजूचा आहे. विमा कंपनीला जे कारण लेखी कळवता, तेच नातेवाइकांना त्याच दिवशी कळवावे. अंदाज चुकू नये, अशी अपेक्षा कोणाचीच नाही. कमी आकडा दाखवून रुग्ण ओढणाऱ्यांचे पितळही वाढीव खर्चाच्या या लेखी नोंदींतूनच उघडे पडेल.

शल्यचिकित्सक_सातारा
नियोजित शस्त्रक्रियांपुरते हे मान्य करता येईल. अपघाताच्या रुग्णाबाबत मात्र नाही, कारण तिथे आधी रक्तस्राव थांबवायचा असतो. आणि छोट्या रुग्णालयात हे रोजचे कागद भरायला वेगळा माणूस नसतो. त्याचा पगारही अखेर बिलातच चढेल, हे धागाकर्तीने लक्षात घ्यावे.