चुकून लागलेल्या किमतीला दुकानदार बांधील असावा का?

काटेकोर (धागाकर्ता)

‘दुकानाने एकदा किंमत लावली की त्याच किमतीला माल द्यावाच लागतो, न दिल्यास ती फसवणूक,’ असे काल एका सदस्याने ठामपणे लिहिले आणि बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला. हा समज इतका पसरलेला आहे की सविस्तर उत्तर दिल्याखेरीज मला राहवेना. वस्तू मांडून तिच्यावर किंमत लिहिणे हा सर्वसाधारणपणे विक्रीचा प्रस्ताव नसतो. या, पाहा, घ्यायचे असेल तर विचारा, एवढेच ते निमंत्रण असते. इंग्लंडमध्ये १९५३ साली बूट्स या औषधविक्रेत्यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने हेच सांगितले. गिऱ्हाईक फळीवरची बाटली उचलून गल्ल्यापाशी आणते, तेव्हा प्रस्ताव ते मांडते आणि गल्ल्यावरचा माणूस तो स्वीकारतो, तेव्हा व्यवहार ठरतो. यात गिऱ्हाइकाचीही सोय आहे, कारण फळी हाच प्रस्ताव मानला असता, तर एकदा उचललेली वस्तू परत जागेवर ठेवण्याची मोकळीकही त्याला उरली नसती.

आभा

खटला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. वडिलांना रुग्णालयातून घरी आणायचे होते, त्या दिवशी मी चाकांची खुर्ची घ्यायला गेले होते. दोन दुकाने सोडून मी त्या दुकानात थांबले ते केवळ तिथल्या चिठ्ठीवरची किंमत पाहून. बिल झाले तेव्हा रक्कम बरीच जास्त निघाली. मी चिठ्ठी दाखवायला वळले, तोवर तिथल्या मुलाने ती नखाने खरवडून काढायला घेतली होती. अर्धी चिठ्ठी खुर्चीच्या दांडीला चिकटलेली आणि अर्धी त्याच्या बोटांवर होती. वडील तिकडे ताटकळत होते, म्हणून मी मुकाट्याने जास्तीचे पैसे भरले. तुमच्या व्याख्येप्रमाणे माझ्यावर कोणताच अन्याय झाला नाही. मला मात्र तो आजही अन्यायच वाटतो.

तिसरी_बाजू

आभाताई, तुमच्या बाबतीत जे घडले ते वाईटच होते. पण उघड दिसणारी चूक आणि न दिसणारी चूक यांत फरक केला पाहिजे. सिंगापूरमध्ये २००३ साली एका विक्री-संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला, कारण कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी भरलेला आकडा चुकून खऱ्या पानावर चढला होता. सहा जणांनी रातोरात मिळून १,६०६ प्रिंटर मागवले आणि त्यांना ऑर्डर पक्की झाल्याचे आपोआप उत्तरही मिळाले. तरीही २००५ साली तिथल्या अपील न्यायालयाने तो व्यवहार रद्दबातल ठरवला, कारण किंमत चुकली आहे हे घेणाऱ्यांना ठाऊक होते. घरात एक प्रिंटर पुरतो. शंभराहून अधिक मागवणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर हात मारत असतो. अशा माणसाला मी गिऱ्हाईक म्हणायला तयार नाही.

आभा

मी एकच खुर्ची मागत होते. प्रिंटरचे उदाहरण पुढे करून माझ्यासारख्यांना त्या रांगेत उभे करू नका. शिवाय उलट उदाहरणही आहे: ब्रिटनमध्ये कोडॅकने ३२९ पौंडांचा कॅमेरा चुकून १०० पौंडांना लावला, आधी ऑर्डरी नाकारल्या आणि अखेर २००२ साली त्याच किमतीला दिल्या.

गल्ल्यामागचा

आपण सर्व जण दुकान म्हणजे मालक असे धरून चालला आहात. मी सहा वर्षे किंमतपट्ट्या लावण्याचे काम केले आहे. सेलच्या आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर शेकडो पट्ट्या बदलायच्या असतात आणि दोन सारख्या खोक्यांतली एक पट्टी इकडची तिकडे जाते. एकदा माझ्या हातून असे झाले. मालकाने गिऱ्हाइकांना कमी किमतीत माल दिला, त्यांच्याकडून शाबासकी घेतली आणि फरकाची रक्कम तीन महिने माझ्या पगारातून कापली. ‘दुकानाने सोसावे’ असे लिहिताना ते नेमके कोण सोसते, याचा कोणी विचार केला आहे काय?

काटेकोर

आपल्याविषयी सहानुभूती आहे. परंतु पगारातील कपात हा स्वतंत्र प्रश्न आहे.

गल्ल्यामागचा

स्वतंत्र कसा? चुकीचा भार कोणी उचलायचा हाच तर धाग्याचा विषय आहे. तुम्ही कधी रात्री अकरा वाजता शिडीवर उभे राहून पट्ट्या लावल्या आहेत काय? लावल्या नसतील, तर हा प्रश्न बाहेरचा ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

आभा

इथे मी तुमच्या बाजूने आहे. ज्या मुलाने माझ्यासमोर चिठ्ठी खरवडली, त्याचा मला इतके दिवस राग होता. त्याच्याही पगारातून कपात झाली असती, हे माझ्या मनात आले नव्हते. पण म्हणून मी जास्त पैसे भरावेत हे मला पटत नाही. कपात करणाऱ्या मालकाला रोखा. त्याची भरपाई माझ्याकडून नको.

तिसरी_बाजू

कपातीला माझाही विरोध आहे. तरी एक विचारतो: मालकाला नोकराकडून वसूल करता आले नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही म्हणता आले नाही, तर जेमतेम नफ्यावर चालणारे लहान दुकान एक शून्य गळल्यामुळे बंद पडावे काय?

गल्ल्यामागचा

शून्य गळले तर ते कोणालाही दिसते, तिथे नकार द्यावा. माझी पट्टी चुकली तेव्हा फरक इतका थोडा होता की कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. तेवढे कोणत्याही दुकानाला सोसते. मालकाने ते सोसले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

काटेकोर

शब्द मागे घेतो, कपातीचा मुद्दा विषयाच्या आतलाच आहे. कायद्याविषयी मी लिहिले त्यातले काहीही बदलत नाही. मात्र जी चूक गिऱ्हाइकाला ओळखता येणे शक्य नव्हते आणि जिच्या भरवशावर ते गल्ल्यापर्यंत आले, तिथे दुकानाने त्या गिऱ्हाइकापुरती लावलेली किंमत पाळावी, इतके मी नाइलाजाने मान्य करतो. पण चिठ्ठी बदलल्यावर येणाऱ्या पुढच्या माणसाला तो हक्क नाही.

आभा

पुढच्या माणसासाठी मी भांडतच नव्हते.