मदत हवी आहे: शहरातल्या देव्हाऱ्यात सातेरी कशी पूजावी?

आमची ग्रामदेवता सातेरी, गाव वेंगुर्ले तालुक्यात. गाभाऱ्यात मातीचं वारूळ. सणाला त्यावर मुखवटा बसतो, साडी नेसवतात. ठाण्याच्या घरीही तिची पूजा व्हावी, असं आईच्या मनात आहे. सोनाराने दाखवलेला टाक (देवाची प्रतिमा उठवलेला धातूचा छोटा पत्रा) महिषासुरमर्दिनीचा, तो काही पटेना. गुरवांना फोन केला, तर म्हणाले, "नारळ ठेवा, पुरे." भावकीत एकमत नाही (ते कशावरच नसतं म्हणा). सातेरीला शांतादुर्गा मानतात हे माहीत आहे. आमची कुलदेवता वेगळी, तिचा टाक आहेच. कौल लावायला (म्हणजे देवीलाच विचारून तिचा होकार-नकार घ्यायला) मे महिन्याआधी गावी जाणं जमणार नाही. सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या ज्यांच्या घरी सातेरी पूजली जाते, ते नेमकं काय मांडतात: टाक, नारळ की वारुळाची माती? आणि नैवेद्य गोडाचाच लागतो का?