प्रतिसाद: दर महिन्याला पोट दुखतं, पण पाळी नाही

ताई, तुमच्या 14 वर्षांच्या भाचीला दर महिन्याला चार दिवस ओटीपोटात दुखतं, पाळी अजून आलेली नाही, आणि वर कुणीतरी "येईल उशिरा, थांबा" म्हणालंय. कृपा करून थांबू नका. छाती वाढलेली आहे, दुखणं ठरावीक दिवसांनी परत येतंय. म्हणजे पाळी सुरू होऊन रक्त आतच अडकलेलं असू शकतं. दुखण्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडून डॉक्टरांकडे न्या, नाहीतर जंताच्या नि गॅसच्या गोळ्यांत महिने जातात. लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

योनिपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा, पूर्ण बंद असेल तर बाहेरून पाहूनच निळसर फुगवटा दिसतो; छोट्या शस्त्रक्रियेनं वाट मोकळी होते. सोनोग्राफी लघवी भरलेली ठेवून पोटावरूनच होते, हे पोरीला आधी सांगा, ती घाबरलेली असते. योनीत आणखी आत आडवा पडदा असेल तर एमआरआयआधी शस्त्रक्रिया नको. सुईनं रक्त काढणं तर नकोच, जंतुसंसर्ग होतो. किडन्याही बघून घ्या. अशा दोषांत कधी एक किडनी नसते. अंबाजोगाई, नांदेड, संभाजीनगरची घाटी, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहे.

"पडदा कापला तर सोयरिकीत काय सांगायचं?" ही तुमच्या वहिनींची भीती मी समजू शकते. पण आत साचलेलं रक्त गर्भनलिकांपर्यंत चढलं तर पुढं मूल होण्यालाच धोका. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा आणि याच आठवड्यात तिला घेऊन जा.