मदत हवी आहे: स्वस्त मिनीफिगरचा लॉट घेण्याआधी काय तपासावं?

वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टसाठी लेगोसारख्या ४० सुट्या मिनीफिगर (हात-पाय हलणारी छोटी प्लास्टिकची माणसं) घ्यायच्या आहेत, मुलं ६ ते ८ वर्षांची. नमुन्याच्या ५ समोर आहेत. उंची बरोबर, टोपीशिवाय साधारण ४ सेंमी. पाय अस्सल लेगोच्या प्लेटवर (खुंट्या असलेल्या सपाट तुकड्यावर) बसतात, आणि प्लेट उलटी करून हलवली तरी एकही पडत नाही. छपाईवर नख ओढलं तर रंग निघत नाही, फक्त गडद धडावरचा पिवळा मळकट दिसतो. खाली पांढरा थर दिलेला नसावा.

खरी अडचण सांध्यांची. दोघींचे पंजे मनगटात इतके सैल आहेत की ३.२ मिमीची दांडी धरली की पंजा वजनानं फिरतो. मनगटाच्या खुंटीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन पूर्ण वाळल्यावर बसवला तर टिकतो का? की मुलांच्या हातात आठवड्यात निघून येतो?

एकीची कंबर उलट फार घट्ट आहे. धडाच्या खालच्या कडेला, बाजूला, प्लास्टिक पांढरं पडलंय. तिथला ताण पुढे तडा देतो, हे माहीत आहे. कमरेचा भाग बारीक पॉलिश पेपरनं घासावा, की असा नमुना दिसल्यावर पूर्ण लॉटच नाकारावा? माझा कल नाकारण्याकडे आहे, कारण साचा एकच असेल तर दोष सगळ्यांतच येणार.

आणि पाकिटावर आयएसआय चिन्ह नाही. भारतात खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. चिन्ह असलेल्या, सांधे धड असलेल्या सुट्या मिनीफिगर कुणी घेतल्या असतील तर कृपया सांगा.